यंदाचे भाकीत

जिमखान्याच्या फलकावर अजून संघाची यादीही लागलेली नाही, आणि संपादक महाशयांनी मात्र लेख मागितला आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने केव्हाच होऊन गेलेले असतील. म्हणजे माझे भाकीत खरे ठरले की खोटे, हे वाचताना तुम्हाला ठाऊक असणार आणि लिहिताना मला नाही. ज्योतिषालासुद्धा इतक्या अडचणीत कुणी टाकीत नाही! तरी लिहितो. दोन वर्षे मैदानाच्या कडेला वही घेऊन गुण टिपणाऱ्या माणसाला एवढा अधिकार असावा. (मला स्वतःला खेळता येत नाही, हे आधीच कबूल करतो. पहिल्या वर्षी निवड-चाचणीत एकदाच चढाईला गेलो, तो मध्यरेषा पुन्हा दिसलीच नाही.)

तर भाकीत असे : आपली मुले दुसऱ्या फेरीत हरतील. मुली उपांत्य फेरी गाठतील, आणि एक गोष्ट घडली तर अंतिम सामनाही जिंकतील.

मुलांचे थोडक्यात आटोपतो. २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली तेव्हापासून प्रत्येकाला चढाईपटू व्हायचे आहे. पुणेरी पलटणने २०२४ साली विजेतेपद मिळवले, तेव्हा आमच्या मित्रांच्या तोंडी फक्त अस्लम इनामदार. अस्लम मोठाच खेळाडू, वाद नाही. पण त्या मोसमात पकडींच्या गुणांत सर्वांच्या पुढे होता तो त्याच संघातला इराणचा शादलुई, हे मंडळी सोयीस्कर विसरतात. आपल्या मुलांच्या संघात चढाईला जायला पाच जण तयार आणि कोपरा धरायला एकही नाही. लोण पडला की एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे. असो.

मुलींचा संघ वेगळा आहे. शेलूहून येणारी डावी कोपरारक्षक घोटा पकडते ती मगरीसारखी; सुटणे नाही. आणि कशेळ्याकडची आपली चढाईपटू, जी यंदा टी. वाय. ला आहे, तिच्याविषयी काय सांगावे! समोर सहा जणी उभ्या असल्या की ती हमखास बोनस रेषेवर पाय टाकून येते. तिघीच उरल्या की मात्र उगाच धाडस करीत नाही. त्या वेळी पकडले गेलो तर अव्वल पकडीचा जादा गुण जातो, हे तिला पंचांइतके कळते. बळापेक्षा हिशेबाने खेळणारी मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही.

मग गेल्या वर्षी हरलो का? मातीमुळे. आपला सराव मातीवर, अनवाणी. सामने मॅटवर, बूट घालून. मातीवर घसरत जाऊन मध्यरेषेला हात लावायची सवय. मॅटवर अंग घसरत नाही, चिकटते आणि वर सोलवटते. कोपऱ्यातली झेप अर्ध्यावर अडते, कारण बुटाची पकड आधी बसते. पहिले अर्धे सत्र आमच्या मुली पाय कसा टाकावा हेच शिकत होत्या. तोवर समोरच्यांनी दोन लोण चढवले होते. शिवाय आपली मातीही पावसात कुठे हाती लागते? माथेरानची गाडी आणि आपले मैदान, दोन्ही जूनमध्ये बंद होतात आणि दसऱ्याच्या पुढेमागे उघडतात.

सरावाने काय होते ते पाहायचे असेल तर २०१८ चे जकार्ता आठवा. २०१० आणि २०१४ अशी दोन एशियाडची सुवर्णपदके घेतलेल्या भारताच्या मुलींना इराणने अंतिम सामन्यात २७-२४ असे हरवले. इराणच्या त्या मुलींना शिकवले होते नाशिकच्या शैलजा जैन यांनी! मला त्या दिवशी हसावे की रडावे कळेना. आपल्याकडची विद्या तेहरानपर्यंत पोहोचते, तर तिने नेरळला उतरायला काय हरकत आहे?

म्हणूनच ती एक गोष्ट. कॉलेजच्या सभागृहात मोडकी बाके रचून ठेवली आहेत. ती हलवून आठ आठवड्यांसाठी भाड्याने मॅट अंथरावी. मुलींचे कबड्डी मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. सभागृह मी स्वतः पावलांनी मोजले आहे, मावते. जिमखाना समितीतील प्राध्यापकांनी हे वाचून रागावू नये. बाके उचलायला आम्ही येतो.

दुसरी अडचण मॅटने सुटणारी नाही. सराव रंगात येतो तेव्हा कशेळ्याकडची शेवटची शेअर रिक्षा सुटायची वेळ होते. गेल्या वर्षी तिने कितीतरी सराव अर्ध्यावर सोडले. मी एकदा तिच्या वडिलांना भेटलो. २०१२ साली पाटण्याला पहिला महिला विश्वचषक जिंकला, त्यात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के या आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. सरकारने त्यांना एकेक कोटी रुपये दिले, असे मोठ्या उत्साहाने सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "कोटीचं ऱ्हाऊ दे. तिला अंधार पडायच्या आत घरी आण."

यावर मला उत्तर सुचले नाही. नंतर सुचले : सराव संध्याकाळी न ठेवता सकाळी, पहिल्या तासाच्या आधी ठेवावा. कर्जतच्या, भिवपुरीच्या मुलींना सकाळच्या लोकल आहेतच. सकाळी सातला मैदानावर यायला आमचे सर तयार होतील का, एवढाच प्रश्न. गुणलेखक सात वाजता हजर असेल.

तिचे हे शेवटचे वर्ष, म्हणून घाई.

तेव्हा लिहून ठेवतो : मॅट मिळाली तर अंतिम सामना आपण जिंकू, तोही तीन गुणांच्या आत, आणि शेवटची चढाई तिचीच असेल. नाही मिळाली तर उपांत्य फेरीत हरू. जिमखान्याचा अहवाल याच अंकात पुढे कुठेतरी छापला असेल. तो आधी वाचून झाला असेल, तर कृपा करून कँटीनमध्ये भेटल्यावर मला हसू नका.