ठिपक्यांत हरवलेला चेहरा



१९८३ साली भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मी सातवीत होतो. चषक हातात घेतलेल्या कपिलदेवचा फोटो पेपरात आला होता. तो मोठा करून ड्रॉइंगच्या वहीत काढायचाच, असं मी ठरवलं. चौकटी आखल्या, पेन्सिलीला टोक केलं. पण डोळे काही नीट दिसेनात. म्हणून आजोबांचं भिंग हळूच पळवलं आणि फोटोवर धरलं. आणि काय सांगू, कपिलचे डोळेच गायब! नुसते काळे ठिपके. भिंगातून जितकं निरखून बघावं, तितका चेहरा जास्तच हरवत जाई.

तुम्हीही आजच्या पेपरातला एखादा फोटो भिंगाखाली धरून पाहा. तुम्हालाही ठिपकेच दिसतील. असं का होतं?

छापखान्यातल्या यंत्राला करडा रंग ठाऊकच नसतो. कागदावर शाई लावायची किंवा नाही लावायची, एवढंच त्याला कळतं. मग गालावरची हलकी सावली छापायची कशी? तर फोटोचे बारीक बारीक ठिपके करायचे. जिथे उजेड, तिथे ठिपका अगदी चिमुकला. जिथे अंधार, तिथे एवढा मोठा की शेजारच्या ठिपक्याला चिकटेल. दोन ठिपक्यांच्या मध्यांतलं अंतर मात्र सगळीकडे सारखंच. या युक्तीला 'हाफटोन' म्हणतात. पेपरात एका इंचाच्या ओळीत साधारण ८५ ठिपके बसतात. म्हणजे एका चौरस इंचात सात हजारांहून जास्त! एवढे ठिपके वेगळे वेगळे बघणं आपल्या डोळ्याला जमत नाही. तो सरळ त्यांची बेरीज करतो आणि आपल्याला सांगतो, "हा बघ कपिल!"

आपल्या देशात या विद्येचा फार बारकाईने अभ्यास केला तो कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी. त्यांच्या पुस्तकातली चित्रं छापताना बिघडली, म्हणून ते हाफटोनच्या मागे लागले. पुढे १९१३ साली त्यांनी मुलांसाठी 'संदेश' हे मासिक काढलं. सिनेमावाले सत्यजित राय हे त्यांचे नातू.

छापखान्याची सगळी धडपड असते ती ठिपका दिसू नये म्हणून. काही चित्रकारांनी मात्र नेमका तोच मोठ्ठा करून दाखवला!

अमेरिकेतल्या रॉय लिक्टनस्टाइनने १९६१ साली डोनाल्ड डक आणि मिकी माउस यांचं एक चित्र रंगवलं. जवळजवळ पावणेसहा फूट रुंद! डोनाल्डला वाटतंय, गळाला मोठा मासा लागलाय. खरं तर गळ त्याच्याच कोटाला मागून अडकलाय. या चित्रात मिकीच्या चेहऱ्यावर आणि डोनाल्डच्या डोळ्यांत ठिपके आहेत. ते काढायला लिक्टनस्टाइनने काय वापरलं असेल? कुत्र्याचे केस विंचरायचा प्लॅस्टिकचा ब्रश! पुढे तो भोकं पाडलेल्या पत्र्यातून ठिपके उमटवू लागला. त्याचे हे ठिपके बहुधा एकाच आकाराचे असतात. स्वस्त कॉमिक्समध्ये फिका रंग दाखवायला तसे ठिपके छापत. त्यांना 'बेन डे' ठिपके म्हणतात. म्हणजे ते हाफटोनचे चुलतभाऊच.

इथे तुमच्यातला कुणीतरी नक्की विचारेल, "काका, ही तर नक्कल झाली!" प्रश्न बरोबर आहे. लिक्टनस्टाइनचं १९६३ सालचं 'व्हॅम!' हे लढाऊ विमानांचं भलंमोठं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते त्याने मुख्यतः एका कॉमिकमधल्या चौकटीवरून केलं. ती चौकट आयर्व्ह नोविक या चित्रकाराने काढलेली होती. लिक्टनस्टाइन जगप्रसिद्ध झाला, नोविकचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे. यावर आजही वाद होतात. मला विचाराल तर लिक्टनस्टाइनने नवं काही दाखवलं हे खरंच, पण मूळ हाताचं नाव सांगायला हवं होतं. तुम्ही एखाद्या चित्रावरून चित्र काढलंत, तर खाली मूळ चित्रकाराचं नाव जरूर लिहा. त्याने तुमचं चित्र मुळीच लहान होत नाही.

त्याच सुमारास जर्मनीत सिग्मार पोल्के नावाचा तरुण ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकत होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. ली हार्वे ओस्वाल्ड या माणसाला पकडलं. दोनच दिवसांत, खटला उभा राहण्याआधी, त्यालाही कुणी गोळी घातली. त्याचा फोटो जगभरच्या पेपरांत झळकला. पोल्केने तो चेहरा रंगवायला घेतला. पेन्सिलीच्या मागचं खोडरबर रंगात बुडवायचं आणि एकेक ठिपका उमटवायचा! यंत्र जे क्षणात करतं, ते त्याने हाताने केलं. काही ठिपके फुगले, काही पुसट झाले. लांबून बघा, चेहरा दिसतो. जवळ जा, चेहरा नाहीसा!

मला हे चित्र फार विचारात पाडतं. त्या माणसाला ओळखणारे किती थोडे असतील! बाकी सगळ्या जगाने पाहिले ते फक्त ठिपके, आणि त्यांवरूनच आपापलं मत बनवलं. "पेपरात छापून आलंय, म्हणजे खरंच असणार," असं आपण किती सहज म्हणतो! पोल्केचे वेडेवाकडे ठिपके म्हणतात, जरा थांब. हे चित्र कुणीतरी बनवलंय आणि अर्धं तूच पुरं केलंयस.

आता तुमचं काम. पेपरातला एखादा मोठा, ठसठशीत चेहरा निवडा. त्यावर पट्टीने अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी आखा. कोऱ्या कागदावर तेवढ्याच चौकटी, पण एकेक सेंटिमीटरच्या. डोळे किलकिले करून एकेक चौकट बघा. पांढरी असेल तर कोरी सोडा. थोडी सावली असेल तर आगकाडीच्या टोकाने ठिपका द्या. जास्त सावलीला पेन्सिलीचं खोडरबर आणि गडद काळ्याला करंगळी. काळा पोस्टर कलर पुरे. एखादा ठिपका चुकला तर पुसू नका. चित्र भिंतीला लावून दहा पावलं मागे जा आणि मग वळून पाहा.

आणि हो, आजोबांचं भिंग घेतलंत तर विचारून घ्या. मला त्या दिवशी चांगलाच धपाटा बसला होता!

तुमचा,
चित्रकाका