गर्भसंस्कार आणि डॉल्बी

साताऱ्यात आणि सांगलीत गर्भसंस्काराचे वर्ग आता नवे राहिलेले नाहीत. कार्ल्याचे डॉ. बालाजी तांबे यांच्या पुस्तकाने आणि ध्वनिफितींनी ही कल्पना घरोघर नेली. आता मोबाइलवर बासरी, वीणा, मंत्र सगळे मिळते आणि पोटाला लावायचे हेडफोनही विकत मिळतात. येणाऱ्या बाळासाठी काही चांगले करावे, ही आईबापांची ओढ खरी आहे. म्हणूनच पोटातल्या बाळाला नेमके काय ऐकू येते, हे त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवे.

साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ बाहेरच्या आवाजाला दाद देऊ लागते. उंच, बारीक स्वर आईच्या शरीरातून आणि गर्भजलातून जाताना बरेचसे गळून पडतात. खर्जातले आवाज मात्र फारसे न घटता आत पोचतात. बासरीची नजाकत बहुतेक बाहेरच राहते. सर्वांत ठळक पोचतो तो आईचा आवाज, कारण तो तिच्याच हाडामांसातून जातो. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकी संशोधकांनी जेमतेम तीन दिवसांच्या बाळांना चोखणी दिली. चोखण्याच्या लयीप्रमाणे कधी आईचा, कधी परक्या बाईचा आवाज कानी पडे. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशी लय धरली. मोझार्ट ऐकवल्याने मूल हुशार होते, हा समज मात्र १९९३ च्या ज्या प्रयोगातून पसरला तो ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता. त्यात बाळ एकही नव्हते. पोटाला थेट हेडफोन लावू नयेत, असे तर तज्ज्ञांनीच सांगितले आहे.

आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, बायका भोवती बसून डोहाळे म्हणतात. बाराव्या दिवशी बारशाला पाळणा गातात. माणदेशात, वाळव्या-शिराळ्यात गरोदर बाई पहाटे जात्यावर ओवी म्हणत असे आणि पोटातले पोर ती ऐकत असे. जात्याचे कष्ट गेले हे फार चांगले झाले. बाईचे गाणे त्यासोबत जायला नको होते. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत मुक्काम केला, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मुलखातली नवी आई ‘मला कुठं गाता येतं’ म्हणून मोबाइल लावते, हे मनाला लागते. तिला सुरात गायची गरजच नाही. अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ बाळांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांच्या आवडीचे गाणे अंगाईसारखे समोर बसून गायले गेले तेव्हा बाळे शांत झाली, दूध चांगले घेऊ लागली आणि आईवडिलांचाही ताण हलका झाला. आपल्या नवजात कक्षांत आईला रोज थोडा वेळ बाळाजवळ बसून गुणगुणू द्यायला खर्च काही नाही.

पण याच दोन जिल्ह्यांत गणपतीपासून जयंत्या-वरातींपर्यंत रस्त्यावर डॉल्बीच्या, म्हणजे प्रचंड ध्वनिवर्धकांच्या, भिंती उभ्या राहतात. २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत साताऱ्यात भिंत कोसळून तिघांचा जीव गेला, तेव्हा डॉल्बीच्या हादऱ्यांकडे बोट दाखवले गेले. दरवर्षी डॉल्बीमुक्तीच्या बैठका होतात आणि दरवर्षी कोणीतरी तरुणांचा उत्साह पुढे करून सूट मागते. डॉल्बीची सारी ताकद असते ती खर्जात, पोटात थेट शिरणाऱ्या त्याच स्वरांत. गरोदरपणी कामाच्या ठिकाणी रोज मोठा आवाज सोसलेल्या आयांच्या मुलांत श्रवणदोष अधिक आढळतो, हे स्वीडनमधल्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. मिरवणूक रोजची नसते, हे खरे. पण पेठेतल्या प्रसूतिगृहात त्या रात्री जन्मलेल्या बाळाला आणि टाके पडलेल्या त्याच्या आईला ती एक रात्रही झोपेविना का काढायला लावायची? नवजात कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटले आहे. डॉल्बी शंभराच्या पुढे जाते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र, अशीच आपली समजूत असते. पण २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलला. राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने चारच दिवसांत रोखली. पेठेतल्या लहान प्रसूतिगृहाच्या दारात उद्या डॉल्बी थांबवायची, तर आधी अधिसूचनेत त्याचे नाव आहे का, हे पाहावे लागते.

म्हणून सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपापल्या शहरातल्या प्रसूतिगृहांची आणि नवजात कक्षांची यादी करून ती सरकारकडे पाठवावी आणि ती अधिसूचित होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. तोवर मिरवणुकीची परवानगी देतानाच पोलिसांनी मार्गावरच्या प्रत्येक प्रसूतिगृहापासून शंभर मीटर अलीकडे यंत्रणा बंद करण्याची अट लिहावी. मंडळांचे कार्यकर्ते हे ऐकतील, असा आमचा विश्वास आहे. त्यांच्याही घरात लेकी-सुना बाळंतपणाला आलेल्या असतात. गर्भसंस्काराचे वर्ग चालवणाऱ्या ताईंनी आणि डॉक्टरांनीही या मागणीवर सह्या कराव्यात, आणि हे सारे यंदाच्या मंडप-परवान्यांच्या आधी व्हावे.