संघटित गुन्हेगारीचा अभ्यास कोण करणार?

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ५ मे २०२४ रोजी झाली. तिच्यातील गैरव्यवहारांची चर्चा बिहार, झारखंड, गुजरात असे करीत जूनमध्ये थेट लातूरपर्यंत येऊन पोहोचली. दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेने चौकशी केली, लातुरात गुन्हा नोंदला गेला. आरोपींमध्ये शिक्षक होते. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु चाकूर-अहमदपूरच्या ज्या पालकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना लातूरच्या शिकवण्यांना धाडले, त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा आहे. गुणांचाही सौदा होतो असे लोकांना वाटावे, अशी परिस्थिती निर्माण कशी होते?

संघटित गुन्हेगारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईच्या टोळ्या येतात. त्यालाही कारण आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ निरपराध माणसे मारली गेली. त्याच वर्षी गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साटेलोट्याचा शोध घेण्यासाठी एन. एन. व्होरा समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९९५ मध्ये संसदेपुढे आला. त्यामागची गोपनीय माहिती मात्र बाहेर आली नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्राने ‘मकोका’ आणला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्याची व्याख्या देशभरासाठी आली.

कायदे हवेतच. पण कायद्याचे काम विशिष्ट व्यक्तीचा अपराध सिद्ध करण्याचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक आकडेही मुख्यतः नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. खंडणी देणारा भीतीने गप्प बसतो आणि गुण विकत घेऊ पाहणारा स्वार्थाने. जेथे फिर्यादीच नाही, तेथे आकडा कोठून येणार? हा अंधारा भाग उजळण्याचे काम संशोधकाचे आहे.

डिएगो गांबेट्टा या इटालियन समाजशास्त्रज्ञाने सिसिलीतील माफियांवरील ग्रंथात (१९९३) दाखविले की, माफिया मुळात ‘संरक्षण’ विकणारा धंदा आहे. शासनाच्या न्यायावर विश्वास नसला की माणसे त्याचे गिऱ्हाईक होतात. म्हणजे टोळीइतकाच अभ्यास गिऱ्हाइकाचाही व्हावयास हवा. गुटख्याचेच पाहा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मागणी संपली नाही. म्हणून पुरवठ्याच्या चोरवाटा निघाल्या. गिऱ्हाईक परके नाही, आपल्याच गल्लीतले आहे. हे कटू सत्य मध्यमवर्गाने पचविले पाहिजे.

अभ्यासाच्या नावाखाली अन्यायही झाला आहे, हे येथे विसरता कामा नये. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पारधी बांधवांच्या कपाळीचा शिक्का पुसला गेला नाही. त्यांच्या मुलांना शाळेत बसविण्यासाठी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीचा प्रकल्प उभारावा लागला. तेव्हा संशोधन व्हावे ते व्यवहाराचे, पैशाच्या वाटांचे; जातीचे नव्हे.

हे काम आपल्या भागात कोण करील? स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झाले; त्याचे उपकेंद्र लातुरात आहे. परीक्षांतील दलाली, नदीपात्रांतील वाळूउपसा, अवैध सावकारी हे विषय त्याच्या अंगणातलेच आहेत. निकाली निघालेल्या खटल्यांची निकालपत्रे हे पहिले साधन. पीडितांच्या मुलाखती नावे गुप्त ठेवून घेता येतील. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि विधी या शाखांनी एकत्र यावे, पोलिसांनी जुन्या अभिलेखांची दारे उघडावीत आणि अभ्यासकाच्या सुरक्षेची हमी शासनाने घ्यावी. निष्कर्ष मराठीत, तालुक्याच्या वाचनालयापर्यंत यावेत.

रोगाचे निदान न करता नुसती शस्त्रक्रिया करीत राहिलो, तर रोग एका अवयवातून दुसऱ्यात जातो. पोलीस आज एक टोळी पकडतील. तिची रिकामी जागा उद्या दुसरी भरील. ती जागा कशाने निर्माण होते, याचे उत्तर पोलीस ठाण्यात मिळणार नाही. ते विद्यापीठाने शोधावयाचे आहे, आणि त्या शोधाचा आग्रह सुजाण समाजाने धरावयाचा आहे.