तीन चाके लपवू नका

‘मिस्टर बीन’ पाहिलेल्यांना ती फिकट निळी तीनचाकी नक्की आठवेल. बीनची मिनी जवळून गेली की ती कलंडायची. ती रिलायंट कंपनीची रीगल. तिची वारसदार रॉबिन १९७३ साली आली आणि मधला काही काळ वगळता २००२ पर्यंत ब्रिटनमध्ये विकली जात होती, तरी चेष्टा तिची पाठ सोडायला तयार नव्हती. त्यावरून तीन चाकांची कार लोकांना मुळातच रुचत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो मला मान्य नाही. रॉबिनचा चेहरा, बोनेट, खिडक्या सगळे नेहमीच्या छोट्या कारसारखे होते आणि पुढे चाक मात्र एकच. पाहणाऱ्याला चौथे चाक राहून गेल्यासारखे वाटे. ती खपली ते कायद्यामुळे, कारण मोटरसायकलच्या लायसन्सवर ती चालवता येई आणि करही कमी लागे. सत्तरच्या दशकात बेंगळुरूमध्ये तयार झालेल्या ‘बादल’चीही मांडणी अशीच, पुढे एक चाक आणि मागे दोन. 

हीच मांडणी उलटी केली, म्हणजे दोन चाके पुढे आणि एक मागे, की गाडीचे रूप आणि स्वभाव दोन्ही पालटतात. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला झुकते. तिथे आधाराला चाक असले तर गाडी सावरते. शिवाय मागे निमुळती होत गेलेली बॉडी हवा सहज कापते. जर्मनीतल्या फ्रिट्झ फेंड यांनी हे ओळखले होते. त्यांच्या मेसरश्मिट केआर-२०० मध्ये दोघे एकामागे एक बसत आणि वर विमानासारखे पारदर्शक छत असे. १९५५ ते १९६४ या काळात अशा सुमारे ४० हजार गाड्या तयार झाल्या. अमेरिकेत पॉल एलिओ यांनी ६,८०० डॉलरमध्ये याच धाटणीची गाडी देण्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे ६५ हजार लोकांनी नोंदणी केली. पुरेसे भांडवल उभे न राहिल्याने ती गाडी बाजारात आलीच नाही, आणि नोंदणी म्हणजे विक्री नव्हे हेही खरे. तरी हे रूप पाहून इतक्या लोकांनी पैसे पुढे केले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

यावर सरळ आक्षेप असा, की स्वस्त गाडी घेणारा किंमत पाहतो, रूप नव्हे. टाटांच्या नॅनो कारचा अनुभव याच्या उलट सांगतो. २००८ मध्ये एक लाखाची गाडी म्हणून तिचे जगभर कौतुक झाले. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला बाधला, हे पुढे खुद्द रतन टाटांनीही मान्य केले. ज्याने आयुष्यभर काटकसर केली, त्याला ती काटकसर दारात उभी करून गावाला दाखवायची नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हाती पैसा खेळू लागताच जर्मन कुटुंबे मेसरश्मिट सोडून मोठ्या गाड्यांकडे वळली. पण त्या कुटुंबांना एकाच गाडीत सगळी गरज भागवायची होती. आज पुण्यात किंवा ठाण्यात घर ते ऑफिस एकटा माणूस जातो. त्याला पावसात छत हवे, पार्किंगला जेमतेम जागा हवी. त्याच्या गाडीची तुलना स्कूटरशी करायला हवी, कुटुंबाच्या कारशी नव्हे.

आपल्याकडे तीन चाके म्हणजे रिक्षा, म्हणजे भाड्याचे वाहन, ही समजूत घट्ट आहे. म्हणूनच पुढची दोन चाके ठळक दिसू द्यावीत आणि मागचा भाग बिनदिक्कत निमुळता ठेवावा; मग रिक्षाची आठवण होणार नाही. मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने आर-३ या इलेक्ट्रिक तीनचाकीसाठी हीच मांडणी निवडली, ती दिशा बरोबर आहे. खड्ड्यांचा प्रश्न मात्र नुसत्या रूपाने सुटणार नाही. चारचाकी खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जाते. तीनचाकीचे मागचे चाक नेमके त्यातच उतरते. त्यासाठी ते चाक व्यासाने मोठे, सस्पेन्शन दमदार आणि बॅटरी पुढच्या चाकांजवळ खाली बसवलेली हवी. त्या मोठ्या चाकापायी डिकीची जागा गेली तर जाऊ द्यावी. रोज ऑफिसला जाणाऱ्याला डबा आणि लॅपटॉप ठेवण्याएवढी जागा पुरते.