चाळीतला दमटपणा मोजा



उन्हाळ कांदा चाळीत भरला की भाव येईपर्यंत जिवाला घोर असतो तो सडीचा. मागे एका जुलैत एका घरी गेलो होतो. पावसाच्या भीतीने चाळीला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद बांधलेला. घरधनी म्हणाले, "साहेब, आत एक थेंब गेला नाही." तोच आजी म्हणाल्या, "माझ्या मिठाला पाणी सुटलंय, मग कांदा कसा कोरडा राहील?"

आजींचे म्हणणे खरे होते. हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटते. साठवणीतल्या कांद्याला 65 ते 70 टक्के मानवते. फार वाढली तर काजळी व सड येते, फार घटली तर वजन घटते.

हा दमटपणा आकड्यात मोजता येतो. हवा मोजण्याचे दोन सारखे तापमापक घ्या. तापात वापरायचा चालत नाही. दोन्ही एकत्र ठेवून सारखाच आकडा दाखवतात ना, हे आधी पाहा. मग एकाच्या फुग्याला मलमलीची स्वच्छ चिंधी गुंडाळा व तिचे टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडा. दोन्ही चाळीत सावलीला शेजारी टांगा. पंधरा मिनिटांनी थोडा वारा घालून आकडे वाचा.

चिंधीतले पाणी उडताना फुगा गार होतो. हवा कोरडी असेल तितका फरक जास्त. कोरडा तापमापक 30 अंश दाखवत असता फरक 10 अंश असेल तर आर्द्रता सुमारे 39 टक्के, 5 असेल तर 67, आणि 2 च असेल तर 86 टक्के समजा.

त्या चाळीत फरक निघाला अवघा 1 अंश! बाहेर उघडीप होती, तिथे फरक 4 अंश. लगेच कागद सोडायला लावला आणि सडका कांदा निवडून काढला. बराचसा माल वाचला, पण आठ दिवस आधी मोजले असते तर आणखी वाचला असता.

तेव्हा आत व बाहेर दोन्हीकडे मोजा. बाहेर फरक जास्त असेल तर पडदे उघडा. पाऊस आला तर झडीच्या बाजूचाच पडदा सोडा. रोजची नोंद शाळकरी मुलांकडे द्या. आणि आजीच्या मिठाच्या बरणीकडेही लक्ष असू द्या!