वारीचे सोवळे एस. टी.तही हवे

आषाढ लागला की आपल्या जिल्ह्यातील घराघरांतून पंढरीच्या गोष्टी सुरू होतात. त्र्यंबकेश्वराहून निघालेली श्रीनिवृत्तिनाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पुढे जाते, आणि तिच्या दर्शनाने ज्यांचे पाय शिवशिवतात परंतु गुडघे साथ देत नाहीत, अशी वडीलधारी मंडळी एस. टी.ची वाट धरतात. या वाटेशी आपल्या नगरीचे नाते जुने आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे ते अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर, याच मार्गावर. आणि तिचे वाहक होते लक्ष्मण केवटे. तेव्हापासून किती पिढ्यांनी या गाडीत बसून चंद्रभागा गाठली असेल, याची गणती पांडुरंगालाच ठाऊक. सन २०२५ च्या आषाढीसाठी राज्यभरातून पाच हजारांहून अधिक जादा गाड्या सोडण्याची व्यवस्था झाली होती.

या पवित्र प्रसंगी रोगराईचा विषय काढणे काहींस अप्रस्तुत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. यात्रा आणि साथ यांची गाठ जुनी आहे. पटकीने एके काळी यात्रेकरूंची किती घरे ओस पाडली, हे आजीच्या तोंडून ऐकलेली माणसे अजून आपल्यात आहेत. पटकीचा मार्ग पाण्याचा. तो आपल्याला कळला, आणि पाणी उकळून वा औषध घालून पिण्याची सवय बऱ्याच अंशी लागली. श्वासातून येणाऱ्या रोगाचे मात्र तसे झालेले नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि सोबतीने प्रवास करणाऱ्याच्या श्वासाची शंका घेणे आपल्या संस्कारांत बसत नाही.

या बाबतीत एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे, आणि योगायोग असा की तेही यात्रेकरूंचेच आहे. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या चेजियांग प्रांतातील बौद्ध भाविक दोन बसगाड्यांतून एका पूजासोहळ्यास गेले. दुसऱ्या गाडीत ६८ जण होते. त्यांतील एकास कोरोनाची बाधा होती, परंतु ती कोणास ठाऊक नव्हती. जाऊन-येऊन प्रवास अवघा १०० मिनिटांचा. तेवढ्यात त्या गाडीतील आणखी २३ जणांस रोग जडला. पहिल्या गाडीतील ६० जणांपैकी एकासही बाधा झाली नाही. सोहळा उघड्यावर होता. तेथे फारच थोड्यांस लागण झाली. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे: बाधित गाडीतही चालक आणि उघडणाऱ्या खिडक्यांजवळ वा दाराजवळ बसलेले बहुतेक प्रवासी बचावले. गाडीतील यंत्र आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवीत होते. देवाच्या दारी नव्हे, तर बंद गाडीत रोगाने गाठले, हे त्यातून निष्पन्न होते.

आता आपल्या आषाढातील गाडी डोळ्यांपुढे आणावी. बाहेर पाऊस, म्हणून सर्व काचा बंद. मधल्या वाटेतही माणसे उभी. सन २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस मोफत प्रवास आणि २०२३ मध्ये स्त्रियांस निम्मे भाडे लागू झाल्यापासून घराचा उंबरठा न ओलांडणाऱ्या आजीबाईदेखील देवदर्शनास निघू लागल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ज्यांस साथीचा धोका सर्वांत अधिक, तीच मंडळी आता गाडीत अधिक आहेत. आणि या सर्वांतून अंग चोरीत, प्रत्येकाच्या तोंडासमोर तोंड नेऊन तिकीट देत जाणारा एक माणूस आहे, वाहक. आपण वर्षातून एकदा त्या गाडीत बसतो. तो त्याच हवेत रोज, फेरीमागून फेरी उभा असतो. आपल्यातील एकाचा खोकला त्यास जडला तर तो पुढच्या गाडीतील प्रवाशांना आणि रात्री घरी गेल्यावर स्वतःच्या लेकरांना जडू शकतो. यात्रेच्या ऐन गर्दीत ताप अंगावर काढणारा वाहक आपण पाहिला नाही, असे कोण म्हणेल?

क्षयाचे उदाहरण घ्यावे. क्षय चिंचोळ्या, कोंदट जागी, दीर्घ सहवासाने पसरतो. घटकाभराच्या प्रवासाने सहसा लागत नाही. म्हणजे प्रवाशापेक्षा वाहकाची काळजी अधिक. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत, साधारण क्षय सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो, आणि उपचार चालू असता पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. तरीही रोग लपविला जातो, कारण त्याचे नाव घरात उच्चारणेच आपण अशुभ मानतो.

सन २०२० साली वारी थांबली, तेव्हा संतांच्या पादुका कोणी नेल्या? एस. टी.नेच. मानाच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह गाडीतून पंढरीस पोहोचल्या. माउलींचे सारथ्य त्या वर्षी खाकी गणवेशातील माणसांनी केले. त्याच वर्षी राज्याच्या निरनिराळ्या विभागांतील चालक-वाहक मुंबईच्या सेवेस पाठविले गेले, आणि साथीच्या त्या काळात महामंडळाचे अनेक कर्मचारी दगावले. त्यांच्या नावाने आपल्यापैकी किती घरांतून तुळशीपाशी दिवा लागला?

आपण सोवळ्याचे भोक्ते आहोत. सोवळे म्हणजे माणसाने माणसास दूर लोटणे, हा अर्थ आम्हांस अभिप्रेत नाही. वारीत एकमेकांच्या पाया पडणारा वारकरी तो मानीतही नाही. परंतु स्नान करून देवघरात जाणारा मनुष्य गाडीच्या खिडकीतून थुंकतो, उघड्या तोंडाने खोकतो, आणि ताप असताही 'विठ्ठल तारील' म्हणून गर्दीत शिरतो, हे कोणते सोवळे? तोंडावर वस्त्र धरणे आपल्या जिल्ह्यास नवे नाही. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीत जन्मलेले आणि १९९२ मध्ये नगरलाच देह ठेवलेले जैन आचार्य आनंदऋषीजी यांची मुखवस्त्रिका आपल्या वडिलांनी पाहिली आहे. त्यांचा हेतू सूक्ष्म जीवांस इजा न व्हावी हा. आपला हेतू शेजाऱ्यास न व्हावी हा. खांद्यावरचे उपरणे वा पदराचे टोक खोकताना तोंडावर धरले तरी पुष्कळ झाले.

आगारांकडूनही अपेक्षा आहे. यात्रेपूर्वी ब्रेक पाहतात, त्याच वेळी अडकलेल्या काचा सरकतात की नाही हेही पाहावे; पाऊस थांबताच त्या उघडण्यास वाहकाने सांगितले तर प्रवाशांनी कुरकुर करू नये. तापलेल्या वाहकास परत पाठविता येईल इतकी जादा माणसे हाताशी असावीत. वाहकांची थुंकी-तपासणी वर्षातून एकदा आगारातच व्हावी.

आणि घरी ज्यांस ताप वा खोकला आहे, त्यांनी या आषाढीस खुशाल घरी राहावे. पंधरवड्यानंतर कामिका एकादशी येते. त्या दिवशी नेवाशास, ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या दर्शनास, लोटणाऱ्या गर्दीत पंढरी हुकलेलेही असतात. तोवर बरे वाटले, तर नेवाशाची गाडी नगरहून मिळतेच.