विश्लेषण : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे दुकानदाराला म्हणता येते का?

दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नवा फोन, टीव्ही, फ्रिज घरी आणण्याची रीत महाराष्ट्रात शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत रुळली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठे टीव्ही, वातानुकूलन यंत्रे आणि डिशवॉशर यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि या खरेदीला आणखी एक निमित्त मिळाले. मात्र मोठ्या हौसेने आणलेली वस्तू चार दिवसांत बंद पडली की दुकानातील सूर बदलतो. विकताना ‘काही लागलं तर आम्ही आहोत’ म्हणणारा विक्रेता सर्व्हिस सेंटरचा पत्ता हातावर ठेवतो आणि बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीकडे बोट दाखवतो. ती ओळ कायद्यापुढे टिकते का, आणि बिल फाडल्यावर दुकानदाराची जबाबदारी संपते का, याविषयी.

नेमका वाद काय?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खरेदीत ग्राहकासमोर किमान दोन पक्ष असतात. पैसे दुकानदार घेतो, वॉरंटी मात्र कंपनी देते. वस्तू हप्त्यांवर घेतली तर वित्तकंपनी आणि वाढीव वॉरंटी घेतली तर ती देणारी आणखी एखादी कंपनी यांची भर पडते. वस्तू नीट चालली तर यांपैकी कुणाशीच संबंध येत नाही. बिघडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठवतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतील किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील छोटे दुकान असो की मॉलमधील चकचकीत दालन, ग्राहकाची ही फरफट सारखीच असते.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचे याची यादी आहे. सदोष वस्तू परत घेण्यास आणि तिचे पैसे परत करण्यास नकार देणे, ही त्यांतील एक. बिलावर परतीची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत हा नकार देता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ म्हणजे मुदत नव्हे, तो सरसकट नकार आहे. वस्तू सदोष असेल तर त्या ओळीची ढाल दुकानदाराला वापरता येत नाही.

त्याच यादीत बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथा ठरवली आहे. बिलावर विक्रेत्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, वस्तूचे वर्णन, किंमत आणि कर हा तपशील असावा, असे २०२० चे नियम सांगतात. ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ हा काउंटरवरचा प्रस्ताव त्यामुळे ग्राहकाला महागात पडतो. थोडे पैसे वाचतात, पण पुढे तक्रार करण्याचा मुख्य पुरावाच हातून जातो.

वस्तूमुळे इजा किंवा अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, उदाहरणार्थ फोनच्या बॅटरीने पेट घेतला, तर उत्पादन दायित्वाची वेगळी तरतूद आहे. त्यात उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही काही परिस्थितींत जबाबदार धरता येते. विक्रेत्याने कंपनीच्या वॉरंटीहून वेगळी, स्वतःची हमी दिली असेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर तो हात झटकू शकत नाही.

पसंत न पडलेली वस्तू परत करता येते का?

येथे अनेकांची गफलत होते. कायद्याचे संरक्षण सदोष वस्तूला आहे. रंग आवडला नाही, टीव्ही भिंतीच्या मानाने मोठा झाला किंवा शेजारच्या दुकानात तोच फोन दोन हजारांनी स्वस्त मिळाला, या कारणांसाठी परत घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही. त्याने घेतली तर तो त्याच्या धोरणाचा भाग. मात्र दुकानाने ‘सात दिवसांत बदलून देऊ’ अशी जाहिरात केली असेल किंवा तसे बिलावर लिहिले असेल, तर तो शब्द पाळावा लागतो. विक्रेत्याने सांगितलेले वैशिष्ट्य वस्तूत नसेल, तर तो नापसंतीचा नव्हे, दिशाभुलीचा मुद्दा होतो. अशा वेळी तोंडी आश्वासन सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक बिलावर असणे महत्त्वाचे.

दुकानदार ‘सर्व्हिस सेंटरला जा’ का म्हणतो?

यामागे केवळ टाळाटाळ नसते. फोन किंवा टीव्हीत मुळातच दोष होता की तो हाताळणीत बिघडला, हे तपासण्याची साधने बहुतेक दुकानांत नसतात. पेटी उघडताच वस्तू सदोष निघाली, तरी अनेक कंपन्या अधिकृत केंद्राच्या तपासणी अहवालाशिवाय दुकानदाराला बदली वस्तू देत नाहीत. दुकानदाराने स्वतःहून बदलून दिली आणि कंपनीने नंतर दावा नाकारला, तर नुकसान त्याच्या खिशातून जाते. नफ्याचे प्रमाण कमी असलेल्या छोट्या विक्रेत्याला एवढी जोखीम परवडत नाही.

मात्र ही दुकानदार आणि कंपनी यांच्यातील व्यवस्था झाली. ग्राहकाने पैसे दुकानदाराला दिलेले असतात. तपासणीसाठी केंद्राकडे पाठवणे समजण्यासारखे असले, तरी दोष सिद्ध झाल्यावर ‘आता तुम्ही आणि कंपनी बघून घ्या’ हे उत्तर पुरेसे नाही. ग्राहकाला तक्रारीत कंपनी आणि विक्रेता दोघांनाही पक्षकार करता येते. दोष कुणाचा यावर त्यांनी आपसांत वाद घालावा, ग्राहकाने त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

कंपनीने स्वतःच चालवलेल्या दालनांत हा पेच नसतो. ॲपलने एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्क येथे स्वतःचे दालन उघडले. तेथे विकणारा आणि वॉरंटी देणारा एकच असल्याने जबाबदारी कुणाची हा प्रश्न उरत नाही. पण देशातील बहुतांश खरेदी अनेक कंपन्यांचा माल ठेवणाऱ्या दुकानांतूनच होते.

काउंटरवरचा सल्ला कुणाचा असतो?

अनेक दालनांत टीव्ही किंवा फोन दाखवणारी व्यक्ती दुकानाची नोकर नसते. ती एखाद्या कंपनीने नेमलेली प्रवर्तक असते. तिला विक्रीचे लक्ष्य दिलेले असते आणि विक्रीनुसार मोबदला मिळतो. ती चुकीची माहिती देतेच असे नाही. पण ‘त्यापेक्षा हा घ्या’ हा सल्ला तटस्थ आहे, असे ग्राहकाने गृहीत धरू नये. गणवेशावरील नाव पाहिले तरी बराच उलगडा होतो.

दुसरा मुद्दा वाढीव वॉरंटीचा. अनेकदा ती उत्पादक कंपनीची नसते, तर तिसऱ्याच कंपनीचा करार असतो. त्यात कोणते सुटे भाग वगळले आहेत, वस्तूच्या वयानुसार घसारा किती कापला जाईल आणि दुरुस्ती कोण करणार, हे बारीक अक्षरांत असते. पैसे भरण्यापूर्वी हा कागद मागणे ग्राहकाच्या हिताचे.

तिसरा मुद्दा ‘शून्य व्याजा’चा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, खर्च कुठे तरी दडवलेला असतो, असे सांगत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना अशा योजनांबाबत बजावले होते. प्रत्यक्षात हे व्याज प्रक्रिया शुल्कातून वसूल होते, किंवा रोखीने मिळणारी सूट हप्त्यांच्या ग्राहकाला नाकारली जाते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तकंपन्यांना किरकोळ कर्ज देताना सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा दर सांगणारे मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांना मात्र हा नियम लागू नाही.

मोबाइल क्रमांक देणे बंधनकारक आहे का?

नाही. क्रमांक दिल्याशिवाय बिलच निघत नाही, अशी सबब अनेक दुकानांत सांगितली जाते. त्याविषयीच्या तक्रारींनंतर केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना सूचना देऊन असा आग्रह धरू नये, असे सांगितले. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायदेशीर कारणाविना इतरांना पुरवणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. वॉरंटी नोंदणीसाठी किंवा घरपोच वस्तू आणून देण्यासाठी क्रमांक लागणे वेगळे आणि बिलासाठी अडवणूक करणे वेगळे.

ऑनलाइन ग्राहक अधिक सुरक्षित आहे का?

कागदावर तरी तसे दिसते. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिनाभरात करावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांच्या १३ प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाच्या नकळत खरेदीच्या यादीत भलतीच वस्तू किंवा सेवा घुसडणे हा त्यांतील एक प्रकार.

प्रत्यक्ष दुकानात न मागितलेली वाढीव वॉरंटी हप्त्यांत मिसळली जाते, तेव्हा घडते ते हेच. तेथे अनुचित व्यापारी प्रथांची सर्वसाधारण तरतूद लागू होते. पण तक्रारीला किती तासांत पोच द्यायची, दालनात जबाबदार अधिकारी कोण, याचे ई-कॉमर्ससारखे नेमके बंधन दुकानांवर नाही. समोरासमोरच्या खरेदीत ग्राहक वस्तू हाताळून पाहू शकतो, म्हणून तो अधिक सुरक्षित, असे मानले गेले. फोनच्या मदरबोर्डमधील दोष मात्र हाताळून दिसत नाही.

इतर देशांत काय आहे?

युरोपीय संघात नव्या वस्तूवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि तिची जबाबदारी विक्रेत्यावर असते. उत्पादकाची वॉरंटी ही त्याशिवायची गोष्ट. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू साधारणपणे ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क दिला आहे. भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी अशी किमान वॉरंटीची सरसकट कायदेशीर मुदत नाही. ती किती द्यायची हे कंपनी ठरवते.

दाद कुठे आणि कशी मागायची?

पहिली पायरी दुकान आणि कंपनी या दोघांनाही लेखी कळवण्याची. ईमेल पुरतो, तोंडी तक्रार पुरत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये वस्तू देताना मिळणारी जॉब शीट जपून ठेवावी आणि तिच्यावर खरा दोष लिहून घ्यावा. एकच दोष तीनदा दुरुस्त झाल्याचे दाखवणाऱ्या तीन जॉब शीट हा भक्कम पुरावा ठरतो. फोन घेताना बिलावरील आयएमईआय क्रमांक आणि *#०६# दाबल्यावर दिसणारा क्रमांक जुळतो का, हे दुकानातच पाहावे.

दुसरी पायरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. हे न्यायालय नव्हे. ती कंपनीकडे तक्रार पोहोचवते आणि तडजोडीचा प्रयत्न करते. तेथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार दाखल करता येते. मुंबईत खरेदी केलेल्या फोनसाठी लातूरच्या रहिवाशाला मुंबई गाठावी लागत नाही. त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळही सुरू आहे. मुदत दोन वर्षांची. आयोग वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो.

तक्रार तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेतील तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात रिक्त पदे आणि तारखांमुळे हे वेळापत्रक अनेकदा कोलमडते. बारा हजारांच्या फोनसाठी वर्षभर खेटे घालण्यापेक्षा नवा घेतलेला बरा, असा हिशेब ग्राहक करतो. अडवणूक करणाऱ्या विक्रेत्यालाही तो हिशेब ठाऊक असतो.

पुढे काय?

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा आराखडा सुचवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. वस्तू किती सहज दुरुस्त होते आणि सुटे भाग किती मिळतात, हे खरेदीच्या वेळीच कळले, तर काउंटरवरील संभाषण किमतीपुरते राहणार नाही. पण हा निर्देशांक वस्तूचे गुणांकन करतो, दुकानाचे नाही. तक्रारीची लेखी पोच, ठरावीक दिवसांत उत्तर आणि वाढीव वॉरंटीचा कागद आधी दाखवण्याची सक्ती, ही ऑनलाइन विक्रीच्या धर्तीवरील साधी बंधने प्रत्यक्ष दालनांनाही लावता येतील. छोट्या विक्रेत्याचे नुकसान टाळायचे तर सदोष वस्तूची भरपाई त्याला ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे लागेल.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला आणि २०१९ मध्ये नव्याने झाला. बिलाच्या तळाची ती ओळ मात्र अनेक दुकानांत तशीच छापली जाते. ती वाचून परत फिरणाऱ्या ग्राहकांच्या जोरावरच ती टिकून आहे.